एक आख्खी गाडी

इंगळेकाका समोरच्याकडे कधी सरळ बघायचे नाहीत. बोलताना त्यांची नजर माणसाच्या कानाच्या बाजूला, खांद्याच्या वर कुठेतरी असायची. नव्या माणसाला वाटायचं, आपल्या मागे आणखी कुणी उभं आहे. पहिल्या भेटीत मीही दोनदा मागे वळून बघितलं होतं.

मिल्टन कीन्समधल्या त्या गल्लीत राहायला येऊन मला आठवडाही झाला नव्हता. शनिवारी सकाळपासून दोन घरं सोडून ग्राइंडरचा कर्कश आवाज चालू होता. पुण्याला आईशी फोनवर बोलत बोलत मी तक्रार करायलाच निघाले. गॅरेजचं शटर वर होतं. आत एक लांबलचक जुनी मोटार उभी होती आणि तिला छप्परच नव्हतं. ते बाहेर हिरवळीवर उताणं पडलं होतं, गुऱ्हाळातल्या काहिलीसारखं. "काय कटकट आहे गं शेजारी," मी आईला म्हणाले. ग्राइंडर बंद झाला. कातडी एप्रन घातलेल्या, टक्कल पडलेल्या गृहस्थांनी चेहऱ्यावरचा मास्क वर केला आणि माझ्या कानाच्या बाजूला बघत स्वच्छ कोल्हापुरीत सांगितलं, "कटकट न्हाई, गाडी हाय."

आई फोनवर विचारत राहिली, कोण बोलतंय, कोण बोलतंय. मला इतकी लाज वाटली की तक्रार विसरून मी त्यांच्याकडे चहा पिऊन आले.

दिनकर इंगळे हे त्यांचं नाव. कोल्हापुरात लेथवर हात बसलेला, पंचविशीत इंग्लंडला आले आणि मोटारींच्या एका कारखान्यात लागले ते तिथूनच निवृत्त झाले. काकू जाऊन बरीच वर्षं झाली होती. एकुलती एक मुलगी अश्विनी, इथेच वाढलेली, कार्डिफला हॉस्पिटलमध्ये फिजिओथेरपिस्ट होती. कारखान्यात तुम्ही काय करत होतात, असं मी पहिल्याच दिवशी विचारलं, तेव्हा त्यांनी कप खाली ठेवला.

"डावं मागचं दार," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"म्हणजे तेच. तीस वर्षं. दार यायचं, बिजागरीवर बसवायचं, फट बघायची, पुढची गाडी. लोकं रस्त्यानं जाताना गाड्या बघतात, मी दारं बघत आलो. आख्खी गाडी अशी माझ्या हातनं एक झाली न्हाई."

म्हणून निवृत्तीनंतर त्यांनी ती अमेरिकन सेडान मागवली होती. पन्नासच्या दशकातली, चार दारांची, डाव्या बाजूला स्टिअरिंग असलेली. अमेरिकेतल्या कुठल्याशा कोरड्या मुलखात कोठारात पडून होती, त्यामुळे पत्रा फारसा गंजला नव्हता. तिचा त्यांना हॉट रॉड करायचा होता. म्हणजे छप्पर चार इंच कापून बुटकं करायचं, गाडी जमिनीलगत आणायची, मागची चाकं रुंद, पुढची बारीक, आणि आत आठ सिलिंडरचं इंजिन. "बाहेरनं आजी, आतनं पैलवान," असं ते सांगायचे. जुन्या गाड्यांची हौस असलेला एक इंग्रज गृहस्थ एकदा गॅरेजपाशी थांबला. असली गाडी कापणं हा गुन्हा आहे, ती होती तशी ठेवायला हवी, असं त्याने ऐकवलं. काकांनी त्याला अगदी आदराने चहा दिला. तो गेल्यावर मला म्हणाले, "होती तशी ठिवायची तर माझं काम काय? धूळ पुसायचं? मी माणूस हाय, फडकं न्हाई."

मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे हे कळल्यावर त्यांनी ते नेमकं काय असतं ते दोनदा विचारून घेतलं. "म्हणजे दुसऱ्याच्या चुका काढतीस आन् त्याचा पगार घेतीस. मग तू आमच्या कामाची," ते म्हणाले. त्या शनिवारपासून मी त्यांच्या गॅरेजमध्ये जायला लागले. आधी नुसती बसायला, मग हाताखाली पाना-पक्कड द्यायला. माझं लग्न मोडून तेव्हा वर्ष झालं होतं आणि शनिवार-रविवार मला खायला उठायचे. काकांनी त्याबद्दल कधीच काही विचारलं नाही. एकदा फक्त म्हणाले, "हितं यायला कारण लागत न्हाई. पाना धर."

पत्रा तपासायची त्यांची एक रीत होती. ठोकून, घासून झालं की ते डोळे मिटायचे आणि उजवा तळहात सपाट ठेवून पत्र्यावरून हळूहळू फिरवायचे. जिथे केसाएवढा उंचवटा असेल तिथे हात थांबायचा. मलाही त्यांनी ते शिकवलं. "डोळे मीट. बोटं नको, तळवा टेक. आता सांग, पाणी कुठं साचंल?" मला महिनाभर काही कळलं नाही. मग एके दिवशी पुढच्या मडगार्डवर हात खरंच अडखळला आणि मी ओरडले. काका एवढे खूश झाले की त्यांनी त्या जागेवर खडूने माझं नाव लिहिलं आणि तीन आठवडे तिथला खड्डा भरलाच नाही.

"डोळा लाडीगोडी लावतो गं," ते म्हणायचे. "त्याला जे आवडतं तेच तो दाखवतो. हाताला तसलं काय येत न्हाई."

ते असं का म्हणतात हे मला दुसऱ्या वर्षी कळलं. छप्पर तेव्हा कापून, बुटकं करून पुन्हा बसवलं होतं. गाडीला आता डोळे बारीक करून बघणाऱ्या माणसाचा चेहरा आला होता. मी काचेच्या चौकटीतला एक सांधा दाखवत होते आणि काका भलतीकडेच बघत होते. मी हसून म्हणाले, "काका, इकडे, इकडे." त्यांनी हातातली हातोडी बाकावर ठेवली.

"रेवती, मला मधलं दिसत न्हाई," ते म्हणाले. "कडेचं दिसतं. तुझा कान दिसतो, तोंड दिसत न्हाई. तू कशी दिसतीस ते मला नीट ठाऊकच न्हाई."

नजरेच्या मधोमध एक डाग होता आणि तो वाढत होता. यावर औषध नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. गाडी चालवण्याचं लायसन्स त्यांनी परत पाठवलं होतं, डोळ्यांचं कळवणं कायद्याने भाग होतं म्हणून. म्हणजे सेडान कंटेनरमधून उतरली तेव्हा ती आपण स्वतः किती दिवस चालवू याची त्यांना खात्री नव्हती, आणि छप्पर कापलं तेव्हा तर आपण ती कधीच चालवणार नाही हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

"मग कशाला काका?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"चालवायची तू. मी शेजारी बसणार. बांधणाऱ्यानं चालवलीच पायजे असं कुठं हाय?" मग थोडं थांबून म्हणाले, "पण आजपासनं बघायचं काम तुझं. सांधा बरा आला तर बरा म्हण, वाईट आला तर वाईट. गोड बोलायला माझी पोरगी हाय. तू खरं सांग. तेवढं कबूल कर, मग मी पुढं काम करतो."

मी कबूल केलं. सहज केलं. तो तर माझा धंदाच होता.

पुढची दोन वर्षं असं चाललं. ते आठवडाभर काम करायचे, मी शनिवारी टॉर्च घेऊन सगळे सांधे बघायचे. वेल्डिंग करताना माणसाला वितळलेल्या धातूचा ठिपका सतत बघावा लागतो, आणि काकांना नेमका तोच दिसत नव्हता. ते मान तिरकी करून, नजरेच्या कडेतून अंदाज घ्यायचे, आवाजावरून ओळखायचे. "बरोबर चाललं की कसं भजी तळल्यागत वाजतं," म्हणायचे. आणि खरोखर, बहुतेक सांधे सरळ यायचे. जे यायचे नाहीत ते मी सांगायचे. "काका, इथे भोकं राहिलीत." "राहू द्यायची व्हय? काढ ग्राइंडर." पुन्हा कापायचं, पुन्हा जोडायचं. चुकीचा सांधा सांगितल्यावर ते कधी चिडले नाहीत. उलट दिवसभर मजेत असायचे.

अश्विनी मात्र हैराण झाली होती. ती मला फोन करायची. "ताई, तू बाबाला सांग ना. तो कार सोडत नाही. माझा घर मोठा आहे, खाली एक रूम रेडी केला आहे. त्याची डोळे किती खराब झाले, आय मीन, हाउ इज ही ईव्हन वेल्डिंग?" तिची काळजी खरी होती. काकांना मी सांगितलं की ते म्हणायचे, "जातो की. गाडी झाली की जातो. माझं तरी हितं दुसरं काय हाय?"

चौथ्या वर्षीच्या मार्चमध्ये फक्त एक मोठं काम उरलं होतं. स्टिअरिंगचा बॉक्स ज्या जाड पट्टीवर बसतो ती पट्टी चासीला जोडायची होती. मी म्हटलं, हे काम बाहेरच्या वेल्डरकडून करून घेऊ. काका ऐकेनात. "सगळी गाडी माझी आन् सुकाणू दुसऱ्याचं?" त्यांनी ते आठवड्यात एकट्यानेच केलं.

त्या शनिवारी मी गेले तेव्हा ते बाकावर बसले होते. एप्रनही घातला नव्हता. आदल्या दिवशी डोळ्यांच्या हॉस्पिटलची तारीख होती.

"आता यायला नको म्हणाले," त्यांनी सांगितलं. "चांगला होता बिचारा डॉक्टर. हात धरून म्हणाला, आमच्याकडनं करण्यासारखं काय उरलं न्हाई. कागद दिला, आंधळा म्हणून नोंद करायचा." मग टॉर्च माझ्यापुढे धरून म्हणाले, "बघ जरा. शेवटचा सांधा हाय हा. कसा आलाय?"

मी गाडीखाली सरकले. वेल्डची रेघ सुरुवातीला दोन बोटं नीट होती. मग ती सांध्यावरून उतरून पट्टीवर गेली होती आणि तशीच एकटी, सुबक, पुढे शेवटपर्यंत गेली होती. सांधा उघडाच होता. त्यात माझं नख गेलं.

मी किती वेळ खाली पडून होते ते आठवत नाही. बाकापाशी त्यांचे बूट दिसत होते, जुळवून ठेवल्यासारखे शेजारी शेजारी.

"काय गं?"

"छान आलाय," मी म्हणाले. "सरळ आलाय एकदम."

मी बाहेर येऊन बघितलं तर काका रडत होते, आणि हसतही होते. "आला व्हय? हात थरथरत होता गं माझा," ते म्हणाले. मी ठरवलं, आज नको. पुढच्या शनिवारी सांगेन. पुढच्या शनिवारी मी गेले तेव्हा त्यांनी चासीला काळा रंग मारून टाकला होता आणि अश्विनीला फोन करून सांगितलंही होतं, की गाडी झाली, जूनमध्ये येतो. मग मी मनाशी म्हटलं, सरकारी तपासणीच्या आधी एखाद्या वेल्डरला बोलावून त्यांच्या नकळत करून घेऊ. पण ते घराबाहेर पडतच नव्हते. एक शनिवार गेला, दुसरा गेला. प्रत्येक शनिवारी ते सांगणं आणखी अवघड होत गेलं.

गाडीत एवढे बदल केले की सरकारी तपासणीशिवाय ती रस्त्यावर आणता येत नाही. मे महिन्यात आम्ही ती ट्रेलरवर घालून तपासणी केंद्रावर नेली. जांभळाच्या रंगाची, बुटकी, लखलखीत. तिथले लोक हातातली कामं टाकून बघायला आले. ट्रेलरवरून उतरवून, गाडी खालून बघायला असतो त्या खड्ड्यावर मीच नेली, माणसाच्या चालीने, आणि काका बॉनेटवर हात ठेवून शेजारून चालत आले. इस्त्रीचा शर्ट घातला होता त्यांनी.

तपासनीस पन्नाशीचा, शांत माणूस होता. दोन तास त्याने एकेक गोष्ट बघितली. छपराचे सांधे बघून "ब्युटिफुल वर्क" म्हणाला. मग खड्ड्यात उतरला आणि बराच वेळ वर आला नाही. वर आल्यावर त्याने हातमोजे काढले.

"सर, स्टिअरिंगच्या पट्टीचं वेल्डिंग कुणी केलं?"

"मी केलं," काका म्हणाले.

"ते सांध्यावर नाहीये, सर. पट्टी जेमतेम एका टोकाला धरलीय. राउंडअबाउटला जोरात वळवली असती तर स्टिअरिंग हातात आलं असतं. मी ही गाडी पास करू शकत नाही."

काकांनी बॉनेटवर हात टेकला. मग त्यांनी एकच विचारलं. "रंगाखाली लपलं असंल?"

"नाही, सर. रंग असला तरी दिसतंय. खाली वाकून बघणाऱ्या कुणालाही दिसेल."

काकांनी मान वळवली आणि चार वर्षांत पहिल्यांदा अगदी सरळ माझ्या चेहऱ्याकडे बघितलं. म्हणजे त्या क्षणी त्यांना मी दिसत नव्हते.

परत येताना ट्रेलरवाल्याच्या शेजारी आम्ही दोघं बसलो होतो. मी सगळं सांगितलं. त्यांच्या हातातला तो कागद, त्यांचं रडणं, माझं पुढे ढकलणं. तपासनीसाने फक्त तेवढाच दोष लिहिला होता. एखादा वेल्डर अर्ध्या दिवसात ते करून देईल, महिन्याने पुन्हा तपासणी, असं मी घाईघाईने बोलत होते. ते ऐकत होते.

"चालवणार तू होतीस," शेवटी ते म्हणाले. "तुला ठाऊक होतं तरी बसली असतीस?"

"मी दुरुस्त करून घेणार होते काका."

"ते जाऊ दे." त्यांचा आवाज वाढला नव्हता. "सांधा दुरुस्त होईल. पण बाकीच्या सांध्यांचं काय? तू बरा म्हणालीस त्या सगळ्यांचं? आता मला कसं कळायचं कुठला खरा आन् कुठला माझ्या तोंडाकडं बघून?"

"फक्त तो एकच, काका. शपथ."

घरी पोचल्यावर त्यांनी गाडीवर ताडपत्री टाकली. त्यानंतरच्या शनिवारी मी गेले तेव्हा शटर बंद होतं. बेल वाजवली तर दार उघडून म्हणाले, "आज काय काम न्हाई."

ती गाडी कधीच दुरुस्त झाली नाही. मी वेल्डर ठरवला, अश्विनीने समजावलं, तो तपासनीसही भला, त्याने फोन करून विचारलं. काकांचं उत्तर एकच. "जी मला तपासता येत न्हाई, ती गाडी मी कुणाला बसायला देणार न्हाई." जूनमध्ये लिंकनशरहून एक माणूस आला. इंजिन, चाकं, काचा त्याने काढून घेतल्या. सांगाडा आपल्या डोळ्यांदेखत कापायचा, तसाच कुणाला द्यायचा नाही, अशी काकांची अट होती. त्याने गॅरेजसमोरच तो कापला. मी माझ्या दारात उभी होते. काका खुर्ची टाकून बसले होते आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत ग्राइंडरच्या आवाजाकडे तोंड करून ऐकत राहिले. चार वर्षांचं काम दुपारपर्यंत संपलं.

ते कार्डिफला गेले. मी दर रविवारी फोन करायचे. पहिल्याच फोनवर ते म्हणाले, "बोला. कशा आहात तुम्ही?" मला आधी कळेना, ते कुणाशी बोलताहेत. मग दर रविवारी तेच. तुमची नोकरी कशी आहे, तुम्ही जेवलात का. इतक्या आदराने माझ्याशी कुणी बोललेलं नाही. फोन ठेवल्यावर मी कितीतरी वेळ स्वयंपाकघरात उभी राहायचे.

अश्विनी म्हणायची, "बाबा काहीच करत नाही, ताई. रेडिओ पण नको. नुसता बसतो." खाणं कमी झालं होतं. डॉक्टरांना काही सापडत नव्हतं.

नोव्हेंबरमध्ये मी भेटायला गेले. अश्विनी कामावर गेली होती. काका खालच्या खोलीत पलंगावर बसले होते. शर्टाची कॉलर गळ्याभोवती सैल झाली होती. मी चहा केला, त्यांच्या हातात कप दिला. मग त्यांनी विचारलं, "एक विचारू का तुम्हाला? त्या एका सांध्याशिवाय आणखी किती?"

मी गाडीतून येताना ठरवून आले होते, की तो विषय निघाला तर पुन्हा तीच खोटी शपथ घ्यायची. त्यांच्या जिवाला तेवढीच शांती. पण त्यांनी तोंड माझ्याकडे केलं नव्हतं. भिंतीकडे करून, अगदी नुसतं विचारावं तसं विचारलं होतं.

"दोन," मी म्हणाले. "एक डिकीच्या कडेचा. एक मागच्या काचेखालचा. तुम्ही दमला होता तेव्हा. फार वाईट नव्हते, पण चांगलेही नव्हते."

त्यांनी कप बशीत ठेवला. मला वाटलं, आता ते मला जायला सांगतील. पण त्यांचे खांदे सैल पडले, आणि किती महिन्यांनी त्यांनी खोल श्वास घेतला.

"मग गाडी कापली ते बरोबर केलं मी," ते म्हणाले. "रोज वाटायचं, उगाच मोडली. नुसत्या हट्टापायी चांगली गाडी मोडली. न्हाई. बरोबर केलं." थोड्या वेळाने ते म्हणाले, "जा आता तू. अंधार पडायच्या आत नीघ."

जानेवारीत ते गेले. झोपेतच, अश्विनी म्हणाली. स्मशानातून परतताना तिने मला मिठी मारली. "ताई, तुझं येणं झाल्यावर तो शांत झाला. तू काय बोललीस त्याला?"

मी म्हटलं, गाडीबद्दल बोललो. ते खरंच होतं.